डॉक्टर आजारी पडतात तेव्हा आणि मामा आजारी पडतात तेव्हा



गेल्या महिन्यात भाईंदर पश्चिमेच्या एका वस्तीत एका घरी गेले होते. वस्तीचे नाव लिहीत नाही. लिहिले तर घर ओळखू येईल. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब, खाली फळीवर भांडी. फळीच्या एका टोकाला, बाकीच्या भांड्यांपासून हातभर लांब, एक स्टीलचा पेला आणि एक ताटली. पेल्याला लाल दोरा बांधलेला. मी काही विचारले नाही, सासूबाईंनीच सांगितले, "सुनेचा आहे. तिला ते झालंय ना." 'ते' म्हणजे टीबी. आजाराचे नावसुद्धा घरात घेत नव्हते. सून पोटमाळ्यावर झोपली होती. पोटमाळ्याला खिडकी नाही. खालची एकुलती एक खिडकी बंद ठेवलेली, शेजाऱ्यांना खोकला ऐकू जाऊ नये म्हणून.

मी त्या पेल्याकडे बघत राहिले. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्या माणसाचा फोटो भिंतीवर, आणि त्याच भिंतीखाली आपल्याच घरात आपल्याच सुनेचा पेला वेगळा! सासूबाई वाईट नाहीत. महिला मंडळात पुढे असतात, वर्षावासात ग्रंथवाचन चुकवत नाहीत. त्यांना कोणी नीट सांगितलेच नव्हते, एवढेच.

खरे तर या वेळी आरोग्याच्या पानासाठी वेगळाच विषय ठरवला होता. डॉक्टर स्वतः रुग्ण होतो तेव्हा काय होते, हा. तो पेला मध्ये आला. पण लिहायला बसल्यावर लक्षात आले की दोन्ही गोष्टी एकच आहेत.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स होते. तिथे एक निवासी डॉक्टर होती, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. हुशार, तोंडाने फटकळ, कामाला वाघ. छत्तीस-छत्तीस तासांची ड्युटी. ती महिनाभर खोकत होती. दिवसाला चाळीस पेशंटना सांगायची, दोन आठवड्यांवर खोकला गेला तर थुंकी तपासा. स्वतः मात्र खिशात खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन फिरायची. "धुळीचा आहे सिस्टर," म्हणायची. वजन उतरले तर म्हणे मेसचे जेवण वाईट. संध्याकाळी कणकण यायची तर म्हणे झोप नाही. ही सगळी कारणे मी पुढे वस्तीत घराघरात ऐकली, शब्दही तेच.

शेवटी एका रात्री थुंकीत रक्त आले. सकाळी एक्स-रे काढला. तिने फिल्म उजेडाला धरली आणि दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी वाचली, "वरच्या भागात पोकळी आहे." मग फिल्म खाली ठेवली आणि स्टुलावर बसली. पहिले वाक्य काय बोलली असेल? "सिस्टर, कुणाला सांगू नका हं. माझं लग्न ठरलंय."

एमबीबीएस झालेली, एमडी करणारी मुलगी. टीबीचे जंतू, औषधे, सहा महिन्यांत बरे होण्याचे प्रमाण, सगळे तोंडपाठ. आणि पहिली भीती तीच, जी आपल्या वस्तीतल्या नववी शिकलेल्या मुलीची असते. म्हणून सांगते, "लोक अडाणी आहेत म्हणून आजार लपवतात," हे वाक्य मला कोणी ऐकवू नये.

पुढचे मात्र सारखे नव्हते. तिला दोन दिवसांत स्वतंत्र खोली मिळाली. मोठे प्रोफेसर येऊन बघून गेले. रजा मिळाली, पगार चालू राहिला. सोबतचे डॉक्टर मास्क लावून गप्पा मारायला यायचे, डबे आणायचे. तिचा पेला कुणी वेगळा ठेवला नाही.

त्याच वर्षी आमच्या वॉर्डातले एक मामा खोकत होते. वॉर्डबॉयना आम्ही मामाच म्हणतो. ठेकेदाराकडून लागलेले, चाळिशीतले, मराठवाड्यातून आलेले, आपल्यातलेच. पेशंटची थुंकीची भांडी तेच उचलायचे, खाटा तेच पुसायचे, मयत तेच बांधायचे. मास्क आम्हालाच पुरत नव्हते, तिथे त्यांना कोण देणार? त्यांचा खोकला आम्ही सगळ्यांनी ऐकला होता. एक्स-रे काढा असे कुणीही म्हणाले नाही. बिडी ओढतात, असे धरून चाललो. शेवटी निदान झाले तेव्हा ठेकेदाराने सांगितले, बरे झाल्यावर बघू. म्हणजे उद्यापासून येऊ नका. निरोप घ्यायला ते वॉर्डात आले तेव्हा चहा चालू होता. त्यांना कागदाच्या कपात चहा दिला आणि बाकी सगळे काचेच्या पेल्यात प्यायलो. चहा मी ओतला होता. मी जयभीम घालणारी, जीएनएम झालेली, टीबी भांड्यांतून पसरत नाही हे परीक्षेत लिहून पास झालेली नर्स. हात कसा आपोआप कागदी कपाकडे गेला, ते आजही सांगता येत नाही.

मामांनी दोन-अडीच महिने गोळ्या घेतल्या. घरभाडे थकले तसे गावी गेले. गावच्या केंद्रावर नाव नव्हते, औषध सुटले. दोन वर्षांनी त्यांच्या गावचा एक माणूस भेटला, त्याच्याकडून कळले की ते गेले.

ती डॉक्टर बरी झाली, परत आली, लग्नही ठरल्याप्रमाणे झाले. वॉर्डात परतल्यावर तिच्यात एक फरक पडला होता. पेशंटच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसायची आणि कागदाच्या मागे फुप्फुस काढून समजावायची. मला म्हणाली, "गोळ्यांनी लघवी लाल होते हे मी शेकडो लोकांना सांगितलं असेल. पण पहिल्या दिवशी बाथरूममध्ये मीच किंचाळले." आजाराने तिला चांगली डॉक्टर केले, यात शंका नाही. पण माझे म्हणणे वेगळे आहे. प्रत्येक डॉक्टरला आजारी पडून मगच शहाणपण येणार असेल, तर तोवर आमच्या मामांनी काय करायचे? आणि ती रुग्णपण शिकली तेसुद्धा स्वतंत्र खोलीत, चालू पगारावर. रांगेत उभे राहून, रोज बुडवून, खाडा पडून जे रुग्णपण शिकावे लागते, ते तिला शेवटपर्यंत कळले नाही.

आता थोडे इतिहासात जाऊ. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या कल्याणमध्ये ३१ मार्च १८६५ ला जन्मलेली यमुना, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. आपल्या अंकात या बाईंचे काय काम, असे काही वाचक म्हणतील. त्या ब्राह्मण घरच्या, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषयही आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. हे मला माहीत आहे. पण त्यांच्या मरणात आपल्या कामाचे काही आहे. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि दहा दिवसांचे मूल उपचाराविना गेले. तिथून डॉक्टर होण्याचा ध्यास. १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाली, फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकली, ११ मार्च १८८६ ला पदवी घेतली. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागात नेमणूक झाली. पण क्षयाने तिला अमेरिकेतच गाठले होते. १८८६ च्या अखेरीस ती परतली ती डॉक्टर म्हणून नव्हे, रुग्ण म्हणून. कोल्हापूरचे काम हाती घेताच आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात ती गेली. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता.

विचार करा, तिला आपल्याला काय झाले आहे हे कळत होते. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले २४ मार्च १८८२ ला, म्हणजे ती अमेरिकेला जायच्या आदल्या वर्षी. (म्हणून २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन. महाडच्या २० मार्चनंतर चारच दिवसांनी येतो. आपल्या विहारांनी दोन्ही दिवस जोडून पाळायला हरकत नाही.) जंतू सापडला होता, औषध सापडायला पुढे साठ वर्षे गेली. स्ट्रेप्टोमायसिन आले १९४० च्या दशकात. आनंदीबाईंकडे ज्ञान होते, पदवी होती, नवरा पाठीशी होता, राणीकडून अभिनंदन आले होते. नव्हते फक्त औषध. आपल्या पोटमाळ्यावरच्या सुनेकडे औषध आहे, तेही फुकट. तिच्याकडे नाही ती उघडी खिडकी आणि आजाराचे नाव घेण्याची मोकळीक.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी पुण्याजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला. दत्तक मुलगा डॉ. यशवंत लष्करी नोकरीत होता, त्याला बोलावून घेतले. मुंढव्याच्या महारवाड्यातून पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या आजारी मुलाला माईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली, आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. माईंची ही गोष्ट आपण दर जयंतीला सांगतो. यशवंतची कोण सांगतो? आईचे मरण डोळ्यांनी पाहिलेला हा डॉक्टर १९०५ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करत असताना त्याच आजाराने गेला. संसर्ग म्हणजे काय ते त्याला पक्के ठाऊक होते. तरीही तो माघारी फिरला नाही.

पण एक बोलते, आणि हे काही कार्यकर्त्यांना आवडणार नाही. सेवा करता करता मरणे याची आपण इतकी आरती केली आहे की सेवा करणाऱ्याला जगवायचे असते हेच विसरलो. माईंच्या काळी प्लेगवर औषध नव्हते. आज टीबीवर आहे, मास्क आहे, हवेशीर वॉर्ड बांधता येतात. आज कुणी नर्स, मामा, मावशी किंवा सफाई कामगार रुग्णालयात टीबी घेऊन घरी येत असेल तर ते हौतात्म्य नाही, मालकाची हयगय आहे. कायदाही तेच म्हणतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, आरोग्यसेवेच्या कामात जडलेला संसर्गजन्य आजार हा व्यवसायजन्य आजार धरला होता. आणि ज्याच्या पगारातून ईएसआय कापला जातो, त्याला टीबीसाठी वाढीव आजारपणाचा लाभ आहे: पगाराच्या ८० टक्के, जास्तीत जास्त दोन वर्षे. त्यासाठी साधारण दोन वर्षांची सलग नोकरी आणि भरलेली वर्गणी लागते. तेव्हा ठेक्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाने आजच पगाराची पावती काढून बघावी, ईएसआय कापतात का, आणि कापत असतील तर भरतात का. आजारी पडल्यावर बघू म्हणाल तर उशीर होतो. आमच्या मामांना हे त्या वेळी सांगायला हवे होते, पण मलाच तेव्हा माहीत नव्हते. नर्सिंगच्या पुस्तकात हे प्रकरण नसते.

आता पेल्याकडे येते. टीबी हवेतून पसरतो. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो तेव्हा जंतू हवेत जातात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. पेला, ताट, चादर, हस्तांदोलन यातून तो पसरत नाही. म्हणजे त्या घरात जे वेगळे केले होते त्याचा काडीचा उपयोग नव्हता, आणि जे बंद केले होते ते उघडायला हवे होते. १९५६ पासून मद्रासमध्ये एक मोठा अभ्यास झाला. गरीब, दाटीवाटीच्या वस्त्यांतले टीबीचे रुग्ण घेतले. निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये ठेवले, निम्म्यांना त्यांच्याच घरी ठेवून औषध दिले. पुढे पाच वर्षे दोन्हींच्या घरच्या माणसांवर लक्ष ठेवले. घरी राहून औषध घेणाऱ्यांच्या घरात टीबी जास्त पसरला नाही. जगभर घरी राहून उपचार घेण्याची पद्धत त्यानंतर रुजली. नागपूरला आपण धम्म स्वीकारला तेच हे वर्ष, १९५६. रुग्णाला वेगळे काढण्याची गरज नाही हे त्या अभ्यासाने सिद्ध केले आहे. औषध नीट सुरू झाले की साधारण दोन-तीन आठवड्यांत संसर्ग देण्याची शक्यता खूपच घटते. तोवर रुग्णाने तोंडावर मास्क किंवा स्वच्छ रुमाल ठेवावा, खिडकीजवळ झोपावे, खिडकी उघडी असावी. शेजाऱ्यांना खोकला ऐकू गेला तर जाऊ द्या. त्यांच्याही घरात कुणी खोकत असेल.

तथागतांची एक गोष्ट विनयपिटकाच्या महावग्गात आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता, बाकीचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग संघाला बोलावून सांगितले की ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. त्याच्या पुढचा भाग कमी लोक वाचतात. तिथे चांगला रुग्ण कोण आणि चांगला शुश्रूषक कोण, याची लक्षणे दिली आहेत. पथ्य पाळतो, प्रमाण जाणतो, औषध घेतो, दुखणे सोसतो आणि आपला आजार शुश्रूषा करणाऱ्याला आहे तसा सांगतो, तो चांगला रुग्ण. शुश्रूषकासाठी सांगितले आहे की औषध तयार करता यावे, काय चालते काय नाही ते कळावे, लोभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्र, थुंकी, ओकारी यांची किळस करू नये, आणि आजाऱ्याला धम्माच्या बोलण्याने धीर द्यावा. जीएनएमच्या तीन वर्षांत मला याहून नेमका अभ्यासक्रम कुणी शिकवला नाही. थुंकीची किळस नको, हे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून झाले आहे. कागदी कपाचा प्रश्न तेव्हाच सुटला होता.

आजार आहे तसा सांगायचा, याबाबत बाबासाहेबांकडेही बघा. ते वैद्यकाचे डॉक्टर नव्हते, पण मधुमेह आणि पायांच्या दुखण्याने त्यांना वर्षानुवर्षे रुग्ण करून ठेवले होते. १० ऑगस्ट १९५१ ला पंतप्रधान नेहरूंना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्पष्ट कळवले होते की प्रकृती चिंताजनक आहे, डॉक्टर महिनाभर सलग उपचाराचा आग्रह धरत आहेत, आणि तो टाळता येणार नाही, म्हणून हिंदू कोड बिल लवकर घ्यावे. देशाचा कायदेमंत्री आपला आजार पंतप्रधानांना कागदावर लिहून कळवतो. त्यात त्यांना काही कमीपणा वाटला नाही. आपण मात्र शेजारच्या काकूंपासून लपवतो.

मी सगळे सगळ्यांना सांगा असे म्हणत नाही. घरमालक खोली खाली करायला लावतो, कामावरून काढतात, मुलीचे जमलेले मोडते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. भीती खरी आहे. कुणाला सांगायचे ते रुग्णाने ठरवावे. पण घरातल्यांना आणि औषध देणाऱ्याला आहे तसे सांगायलाच हवे. आणि डॉक्टरनेही रुग्णाला आहे तसे सांगायला हवे. "छातीत डाग आहे", "थोडं इन्फेक्शन आहे" असे म्हणून पाठवतात, आणि माणूस तीन आठवड्यांत बरे वाटले की गोळ्या सोडतो. त्या निवासी डॉक्टरने स्वतःचा एक्स-रे स्वतः वाचला. तुम्हाला वाचता येत नसेल, पण विचारता येते. आजाराचे नाव काय, औषध किती महिने, कोणत्या तारखेला परत यायचे, हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे कागदावर लिहून मागा. दवाखाना खासगी असो की सरकारी, आपल्या कागदपत्रांची प्रत मागणे हा हक्क आहे. मागितल्यावर डॉक्टरने ७२ तासांत ती द्यावी असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे.

कामाच्या बाकी गोष्टी भराभर सांगते. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन उतरणे, मानेला गाठ, यातले काहीही असले तर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जा. थुंकीची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. थुंकी मशीनवर तपासली की औषधाला दाद न देणारा टीबी आहे का तेही कळते. ती तपासणी झाली का, हे विचारून घ्या. साधा टीबी असेल तर सहा महिने गोळ्या, त्यातले पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने तीन. लघवी लालसर होते, घाबरू नका. डोळे पिवळे झाले, सतत उलट्या झाल्या, नजर कमी झाली तर मात्र त्याच दिवशी केंद्रात जा. मनाने गोळ्या बंद करू नका. नोंदणी झाल्यावर निक्षय पोषण योजनेचे पैसे बँक खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये. घरातल्या बाकीच्यांची, विशेषतः लहान मुलांची तपासणी करून घ्या, त्यांच्यासाठी प्रतिबंधक औषध असते. आणि गावी जायचे झाले, जत्रा असो, लग्न असो की काम सुटलेले असो, निघण्याआधी केंद्रात सांगा. नोंदणीचा निक्षय क्रमांक देशभर चालतो, औषध गावच्या केंद्रातून मिळते. मामांच्या वेळी ही सोय असती तर, असे पुष्कळदा मनात येते.

त्या घरी मी परवा पुन्हा गेले. सून खाली खिडकीजवळ बसून तांदूळ निवडत होती. खिडकी अर्धी उघडी होती. फळीवर पेला होता, दोरा काढलेला, पण जागा तीच, टोकाला. मी पाणी मागितले आणि त्याच पेल्यात द्या म्हटले. सासूबाई जरा थांबल्या, मग पेला विसळून त्यांनी पाणी दिले. सुनेचा चौथा महिना चालू आहे, वजन साडेतीन किलोने वाढले आहे. पुढची थुंकीची तपासणी दोन महिन्यांनी आहे. मी सोबत जाणार आहे.